तिसऱ्या पर्च्यातला प्रश्न

टांगा लातूरच्या गंजात, धान्यबाजारात, शिरला तेव्हा श्रीपादला पुन्हा वाटलं की आता सांगून टाकावं. असं त्याला काल नांदेडच्या स्टेशनात वाटलं होतं, परभणीला वाटलं होतं, आणि परळीला गाडी बदलताना तर पहिलं वाक्यही जुळलं होतं. पण परळीला दादांची, म्हणजे थोरल्या भावाची, सुरई फुटली. सुरई फुटलेल्या माणसाला आणखी काही सांगणं बरं नव्हे, म्हणून त्यानं ते वाक्य लातूर रोडपर्यंत पुढं ढकललं. लातूर रोडला दादांना डुलकी लागली होती. झोपलेल्या माणसाला हलवून उठवावं आणि 'ते मूल माझं आहे' असं सांगावं, इतकी घाई श्रीपादनं आयुष्यात कशाचीच केली नव्हती.

चार दिवसांपूर्वी रेणुकादास मास्तरांचं पाकीट नांदेडला आलं होतं. रेणुकादास म्हणजे श्रीपादचे सासरे. लातूरच्या सरकारी शाळेत गणित शिकवायचे. पत्रात मायना पाऊण पान होता आणि मजकूर तीन ओळींचा. चि. सौ. सौदामिनीस पाचवा महिना लागला आहे. ती काही सांगत नाही. आपण येऊन काय तो निर्णय द्यावा.

दुसऱ्या एखाद्या घरात अशा पत्रावर पेढे वाटले असते. पण श्रीपादचं लग्न होऊन अडीच वर्षं झाली तरी फळशोभन व्हायचं होतं, आणि तो विधी होईपर्यंत नवरीनं माहेरी राहायचं, नवऱ्यानं आपल्या घरी, भेटायचं नाही, असा त्यांच्यात रिवाज होता. विधी लांबला तो नवसामुळं. श्रीपादचे थोरले भाऊ शेषेराव, नांदेडचे नावाजलेले वकील, माहूरच्या रेणुकेपुढं उभे राहून म्हणाले होते की श्रीपाद वकिलीची परीक्षा पास झाल्याशिवाय बायकोचं तोंड बघणार नाही. नवस शेषेरावांनी बोलायचा आणि पाळायचा श्रीपादनं, कामाची अशी वाटणी त्या घरात आईवडील गेल्यापासून होती. श्रीपाद दोनदा नापास झाला. सौदामिनीचं एकोणिसावं सरत आलं.

तिसरी परीक्षा यंदा, फसली १३५३ च्या फरवर्दी महिन्यात, शिवरात्रीच्या सुमाराला हैदराबादला होती. शेषेरावांनी त्याला स्वतः गाडीत बसवून दिलं, कपाळाला अंगारा लावला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत फलाटावर उभे राहिले. मुदखेड गेलं. उमरी आली. श्रीपाद पाणी प्यायला उतरला आणि पाणी पिऊन होईपर्यंत गाडी निघून गेली. गाडी चुकली असंच तो बरेच दिवस स्वतःला सांगत होता. पाणी प्यायला कुणी पेटी घेऊन उतरत नाही, ही गोष्ट त्याच्या पुढं कधीतरी ध्यानात आली.

उलट्या गाडीनं तो लातूरला पोचला. सिद्धेश्वराच्या यात्रेत लांबून बायको दिसली तर बघावी, एवढाच त्याचा विचार होता. यात्रेत त्याला दिसली ती सासऱ्यांची थोरली विधवा बहीण, औशाच्या साखराबाई. त्यांनीच त्याला आधी पाहिलं. घरचा जावई यात्रेत फुटाणे खात एकटा हिंडतो, हे त्यांना नवस मोडण्यापेक्षा फार वाईट वाटलं. वर्षाच्या कुरडया करायला त्या सौदामिनीला तशाही औशाला नेणारच होत्या. त्यांनी जावईही नेला. मुहूर्त वगैरे पुरुषांची कामं, असं त्यांचं मत होतं. आठ दिवस श्रीपाद औशाला राहिला. निघताना त्यानं दोघींना रेणुकेची शपथ घातली, निकाल लागेपर्यंत कुणाला बोलायचं नाही म्हणून. मग हैदराबादेहून आल्यासारखं तोंड करून तो नांदेडला परतला.

सौदामिनीचं पत्र वैशाखात आलं. ते वाचल्यावर त्याला दोन दिवस अन्न गेलं नाही आणि तिसऱ्या दिवशी त्यानं उत्तर लिहिलं. 'तू सुज्ञ आहेस. योग्य ते करशील.' योग्य ते म्हणजे काय, हे त्यानं लिहिलं नाही, कारण ते लिहिलं असतं तर त्याचं त्यालाच वाचवलं नसतं. तिचं त्यावर काही आलं नाही. तेव्हापासून श्रीपाद एकाच गोष्टीला भीत होता. ते पत्र त्याच्या हस्ताक्षरात होतं.

मास्तरांच्या घरासमोर टांगा थांबला. समोरच्या ओट्यावर नागाबाई ज्वारी निवडत होत्या. गेले दोन महिने त्यांनी सौदामिनीला हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, आणि त्यांनी बोलावलं नाही म्हणून गल्लीतल्या बाकीच्यांनीही नाही. आता त्या सुपातून मान वर न करता उतरणारी माणसं मोजत होत्या. शेषेराव, त्यांची बायको रुक्मिणबाई, मागून श्रीपाद.

बैठक माजघराच्या अलीकडच्या खोलीत बसली. शेषेरावांनी कोट काढला नाही, टोपी काढली नाही, आणि बसायच्या आधी लिहायला चौरंग मागितला. घरातली कुठलीही गोष्ट ते पेशीसारखी चालवायचे. मागं एकदा तुपाचं भांडं कुणी उघडं ठेवलं याची सुनावणी त्यांनी दोन दिवस चालवली होती, आणि शेवटी मांजर निर्दोष सुटलं होतं. श्रीपाद त्यांच्या उजव्या हाताला बसला. तिथंच तो लहानपणापासून बसत आला होता. समोर मास्तर, भिंतीला टेकून साखराबाई. सौदामिनी माजघराच्या दाराआड होती. दाराखालून तिच्या पायाची बोटं तेवढी दिसत होती. श्रीपाद तिकडं बघायचं टाळत होता, आणि टाळण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा तिकडं बघावं लागत होतं.

मास्तरांनी आपलं बयान दिलं. त्यांना काही माहीत नव्हतं. शाळेत मुलं कुजबुजायला लागली तेव्हा मुलीला दिवस गेल्याचं त्यांना बहिणीनं कळवलं. मुलीला विचारलं तर ती खाली बघते. त्यांनी जेवण सोडून पाहिलं, तर तीही जेवेना, आणि अशा दिवसांत तिनं उपाशी राहू नये म्हणून त्यांनाच जेवावं लागलं. एवढं सांगून ते हातातल्या पंच्याची घडी घालत राहिले.

शेषेरावांनी दाराकडं तोंड करून विचारलं, "सूनबाई, मी तुम्हाला शिक्षा करायला आलो नाही. एकच सवाल. माणूस कोण?"

 दाराआडून सौदामिनीचा आवाज आला, बसका पण न कापणारा. "मी नाव घेणार नाही."

शेषेरावांनी ते लिहून घेतलं. "नाव सांगण्यास इन्कार," ते लिहिता लिहिता म्हणाले.

रुक्मिणबाई कोपऱ्यात पानाचा डबा मांडून बसल्या होत्या. त्या सुपारी कातरत म्हणाल्या, "बाई ज्याचं नाव घेत नाही असा माणूस तिला एकच असतो."

"गवाह नाही त्यांनी मधे बोलू नये," शेषेराव म्हणाले. रुक्मिणबाईंनी सुपारी पुढं कातरली. 

श्रीपादला वाटलं, आता कुणीतरी विचारेल. साखराबाई सरळ त्याच्याकडंच बघत होत्या. त्या शपथ पाळत होत्या हे खरं, पण त्यांची नजर शपथेत धरलेली नव्हती. त्यानं मनाशी हिशेब केला. पंधरा दिवसांत सरकारी जरीदा, म्हणजे राजपत्र, छापून येईल, त्यात पास झालेल्यांची नावं असतील, त्याचं नसेल. म्हणजे तो नापास. नापास होण्याची घरात सवय होती. परीक्षेला बसून नापास झालेला आणि न बसता नापास झालेला, यात छापील कागदावर काही फरक पडत नाही. तो गप्प राहिला तर कधीच काही कळणार नव्हतं. ही गोष्ट त्याला दिलासा म्हणून सुचली होती, पण जसजशी पटत गेली तसतसा तिच्यातला दिलासा कमी होत गेला.

शेषेराव आता मुद्द्यावर आले. त्यांचा आवाज मऊ झाला, म्हणजे ते जिंकायला लागले होते. ते म्हणाले की बाईची बाजू सगळे घेतात, ते योग्यच आहे, पण पुरुषालाही काही हक्क असतो. एक पोरगा तीन वर्षं दिवसरात्र अभ्यास करतो, नवस पाळतो, बायकोचं तोंड बघत नाही. त्याच्या गळ्यात भलत्याचं मूल बांधायचं, हा कुठला न्याय?

"भलत्याचं आपलं म्हणायचं नाही, हा हक्क आहे त्याला," ते म्हणाले.

"हाव, आहे की," साखराबाई पहिल्यांदाच बोलल्या. "आणि आपलं ते आपलं म्हणायचा? तो हक्क कुणी काढून घेतलाय का त्याचा?"

"त्याचा इथं संबंध नाही, आत्याबाई."

"नसंल. मी आपली विचारून राहिले."

मास्तरांनी बहिणीकडं चमकून बघितलं. गणित शिकवणारा माणूस, त्यांना कुठंतरी हातचा राहिल्यासारखं वाटलं असावं. पण शेषेराव पुढं गेले होते. भावाच्या बाजूनं पुरावा मांडायची वेळ आली होती आणि पुरावा त्यांच्याकडं भरपूर होता. ज्या दिवसांचा प्रश्न आहे त्या दिवसांत मुलगा हैदराबादला होता. आपण स्वतः त्याला गाडीत बसवलं. आणि परीक्षेला बसल्याचा पुरावा हवा असेल तर त्याला सगळ्या पर्च्यांतले सगळे प्रश्न आजही तोंडपाठ आहेत.

हे मात्र खरं होतं. परतल्यापासून रोज रात्रीच्या जेवणाला दादा विचारायचे, आज कुठला प्रश्न? आणि श्रीपाद एक प्रश्न सांगायचा. पहिल्या पर्च्यात सामाईक विहिरीचा होता, दुसऱ्यात एका दत्तकाचा होता ज्याला दोन आया होत्या. दादा पहिला घास हातात धरून उत्तर द्यायला लागायचे ते भात गार होईपर्यंत. इतकी वर्षं कोर्टात गेली, पण असे सुरेख प्रश्न त्यांना कधी कुणी विचारले नव्हते. प्रश्न काढायला श्रीपादला दिवसभर पुस्तकं चाळावी लागत. परीक्षेआधी त्यानं एवढा अभ्यास केला असता तर तो पहिल्या वर्गात आला असता.

"आणि योगायोग बघा," शेषेराव म्हणाले. "तिसऱ्या पर्च्यात पाचवा प्रश्न नेमका हाच होता. सांग रे."

 हा प्रश्न त्यानं वैशाखात, सौदामिनीचं पत्र आल्याच्या चौथ्या दिवशी काढला होता, दादा काय म्हणतात ते बघायला. त्यानं तो जमिनीकडं बघत पुन्हा सांगितला. नवरा परगावी आहे असं सगळे समजतात. बायको गरोदर राहते. नवऱ्याला खरं माहीत आहे पण तो बोलत नाही. तर मूल कुणाचं, आणि नवऱ्याचं काय करावं?

"आणि मी काय उत्तर दिलं होतं?" शेषेराव खूश होऊन म्हणाले, आणि स्वतःच देऊ लागले. लग्नाच्या बाईचं मूल नवऱ्याचंच. तसं नाही हे दाखवायचं ओझं नवऱ्यावर. "आणि माहीत असून जो गप्प बसतो, त्याला मी वकील म्हणून सोडवून आणीन. पण भाऊ म्हणून घरात घेणार नाही." हे शेवटचं वाक्य त्यांना त्याही दिवशी आवडलं होतं.

"एवढा बारीक प्रश्न हैदराबादेत सुचला कुणाला?" रुक्मिणबाईंनी विचारलं.

पण तेवढ्यात मास्तर उठले आणि म्हणाले, पाहुण्यांनी आधी चार घास खाऊन घ्यावेत, निर्णय कुठं पळून जात नाही. जेवण झाल्यावर लेखी निर्णय होईल असं शेषेरावांनी जाहीर केलं. चारच्या गाडीनं परत निघायचं होतं.

श्रीपाद हात धुवायला मागच्या अंगणात गेला. रुक्मिणबाई तांब्या घेऊन मागून आल्या आणि त्याच्या हातावर पाणी घालू लागल्या. सासू नसलेल्या घरात त्यांनीच त्याला वाढवला होता. लग्न होऊन आल्या तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

"भावजी, तुम्ही हैदराबादेहून आलात तेव्हा पेटीत कुरडया होत्या," त्या म्हणाल्या.

श्रीपादनं हात झटकले.

"हैदराबादेला मिळतात म्हणालात. मिळत असतील. पण असल्या बारीक सोऱ्याच्या, खसखस घातलेल्या कुरडया मी एकदाच पाहिल्या, तुमच्या लग्नाच्या रुखवतात. त्या तुमच्या आत्येसासूनं केल्या होत्या. मी तळल्या आणि तुम्हालाच वाढल्या. चार खाल्ल्यात तुम्ही."

"वहिनी, तुम्ही सांगा ना दादांना," तो म्हणाला. आपला आवाज आठ वर्षांच्या मुलासारखा आला हे त्याला ऐकू आलं.

रुक्मिणबाईंनी तांब्या काठावर ठेवला. "मी सांगितलं तर ते माझं सांगणं होईल. ती पोरगी दोन महिने गल्लीच्या नजरा झेलून राहिली, ती काय माझ्या सांगण्याची वाट बघत?" मग त्या पदरानं हात पुसत आत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की वरण गरम आहे तोवर या.

जेवण कुणालाच गेलं नाही, शेषेरावांशिवाय. हात धुऊन ते पुन्हा चौरंगाशी बसले आणि सुंदर वळणदार अक्षरात कागद लिहून काढला. मग तो मोठ्यानं वाचला. श्रीपाद अमुक तमुक, राहणार नांदेड, लिहून देतो की फरवर्दी महिन्यात मी परीक्षेकरिता हैदराबादेस होतो. विवाहानंतर आजतागायत माझी व सदर स्त्रीची भेट नाही. सबब तिच्या पोटी होणाऱ्या संततीशी माझा काही संबंध नाही व या स्त्रीस नांदविण्याची जबाबदारी माझ्यावर नाही. मुलीनं औशाला आत्याकडं राहावं, चार लोकांत वाच्यता होऊ नये, एवढी सवलत त्यांनी तोंडी दिली. मास्तरांच्या हातातला पंचा गळून खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही.

"सही कर," दादा म्हणाले.

टाक श्रीपादच्या हातात आला. त्यानं तो दौतीत बुडवला. टाक भरला तरी तो बाहेर काढेना. दादा म्हणाले, पुरे झाली शाई.

दार करकरलं. सौदामिनी बाहेर आली. साडी नेहमीचीच होती, पण ती आता तिच्या अंगावर लपवण्यासारखी बसत नव्हती, आणि तिनं पदर ओढून लपवायचा प्रयत्नही केला नाही. श्रीपादनं तिला औशानंतर पहिल्यांदा पाहिलं. गालफडं वर आली होती. ती सरळ त्याच्यासमोर आली आणि तिनं एक दुमडलेलं पाकीट चौरंगावर ठेवलं.

"हे तुमचं," ती म्हणाली. "मी कुणाला दाखवलं नाही. सही करायची तर आधी हे परत घ्या. म्हणजे उद्या तुमच्याविरुद्ध माझ्याकडं काही राहायला नको."

पाकिटावर नांदेडचा शिक्का होता. अक्षर ओळखीचं होतं.

"हे काय आहे?" शेषेरावांनी विचारलं आणि हात पुढं केला.

श्रीपादनं पत्रावर तळहात ठेवला. आता ते त्याच्याकडं होतं. खिशात घातलं की संपलं. जगात दुसरा कागद नव्हता, शपथेतल्या दोघी बोलणार नव्हत्या, वहिनी बोलणार नव्हत्या. इतकं सुरक्षित त्याला वैशाखापासून एकदाही वाटलं नव्हतं. तो सौदामिनीच्या पायांकडं बघत राहिला. बोटं सुजली होती. जोडवी उजव्या पायात रुतली होती.

"दादा," तो म्हणाला, "मी उमरीला उतरलो."

"कधी?"

"शिवरात्रीच्या आधी. हैदराबादेला गेलोच नाही. लातूरला आलो, तिथून औशाला. आठ दिवस होतो. मूल माझं आहे."

शेषेराव त्याच्याकडं बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, समजही नव्हती. त्यांचं मन दुसऱ्याच एका ठिकाणी धडपडत होतं असं दिसलं.

"मग तिसरा पर्चा?" त्यांनी विचारलं.

"दिला नाही."

"मग पाचवा प्रश्न?"

"मी काढला."

"विहिरीचा?"

"तोही. सगळे मीच काढले, दादा."

 बाहेर नागाबाईंच्या सुपाचा आवाज थांबला होता. शेषेरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"विहिरीचा चांगला होता," ते म्हणाले.

मग त्यांनी आपण लिहिलेला कागद उचलला, चार घड्या केल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. फाडला नाही, लिहिलेलं ते फाडत नसत. चौरंगावरच्या पाकिटाकडं बोट करून त्यांनी विचारलं की यात काय आहे. श्रीपादनं तेही सांगितलं, शब्दाला शब्द. 'योग्य ते करशील' हे मोठ्यानं म्हणताना त्याला थांबावं लागलं. मास्तर उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. साखराबाईंनी एकदाच हुश्श केलं, पण लगेच भावाकडं बघून पदर तोंडाला लावला, कारण आता त्यांचीही पाळी येणार होती.

ती आलीच. मास्तर म्हणाले, आक्का, तुला माहीत होतं. साखराबाई म्हणाल्या की देवीची शपथ होती, आणि जावयाला घराबाहेर काढायची रीत त्यांच्या आईनं त्यांना शिकवली नव्हती. देवीचा नवस मोडला त्याचं काय, असं शेषेरावांनी विचारलं, तेव्हा रुक्मिणबाई पानाला चुना लावत म्हणाल्या की नवस ज्यांनी बोलला त्यांनी माहूरला जाऊन सोडवून यावा, त्याला गर्भारशीनं डोंगर चढायची गरज नाही. निकालाच्या भरवशावर श्रावणात फळशोभनाचा मुहूर्त धरलेलाच आहे, त्या दिवशी डोहाळजेवण करावं. भटजी तेच, स्वयंपाक तोच. शेषेरावांनी त्यावर हरकत घेतली नाही. आज त्यांच्याकडं हरकती उरल्या नव्हत्या.

उरला होता तो फक्त शब्द. "मी बोललो होतो," ते श्रीपादकडं न बघता म्हणाले. "भाऊ म्हणून घरात घेणार नाही. आज सगळ्यांसमोर पुन्हा बोललो."

"बोललात," रुक्मिणबाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी मोडता घातला नाही.

श्रीपादनं सौदामिनीकडं बघितलं. ती चौकटीला टेकून उभी होती. त्याला वाटलं होतं की आता ती रडेल, किंवा निदान तिचे डोळे निवतील. तसं काही झालं नाही.

"इथं राहा असं मी म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "जा असंही म्हणत नाही. आत्तापर्यंत सगळं मी ठरवायचं होतं, योग्य ते. आता तुम्ही ठरवा. जे करायचं ते उजेडात करा." आणि ती आत गेली.

साडेतीनला टांगा आला. शेषेराव पुढं टांगेवाल्याशेजारी बसले, रुक्मिणबाई मागं. श्रीपादनं तिघांचं सामान आणून टांग्यात ठेवलं, कारण सामान नेहमी तोच ठेवायचा, आणि त्यात स्वतःची पेटीही ठेवली. ती ठेवताना त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा त्याचा एक पाय पायरीवर होता. दादा समोर, घोड्याच्या कानांमधून रस्त्याकडं बघत होते. वहिनी त्याच्याकडं बघत होत्या. टांगेवाल्यानं लगाम हातात घेतले होते.

समोरच्या ओट्यावरून नागाबाई सूप खाली ठेवून उठल्या. सकाळपासून धरून ठेवलेला प्रश्न होता. आजूबाजूच्या दोन-तीन दारांत बायका आल्या होत्या.

"पाव्हणं," नागाबाईंनी हाक मारली, "आलाव कवा, अन् निघालाव बी? सकाळीच आलाव नव्हं?"

सकाळीच आलो, असं म्हटलं की झालं असतं. खोटंही नव्हतं. मास्तर दारात उभे होते, त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या मागं माजघराच्या अंधारात जोडव्यांचा आवाज झाला आणि थांबला.

श्रीपादनं पायरीवरचा पाय खाली घेतला. टांग्यात वाकून त्यानं आपली पेटी ओढली. ती वहिनींच्या वळकटीखाली अडकली होती. रुक्मिणबाईंनी वळकटी उचलून धरली. पेटी घेऊन तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, चार दारांतून दिसेल असा.

"शिवरात्रीला आलो होतो, मावशी," तो म्हणाला. पहिल्या वेळी आवाज नीट फुटला नाही, म्हणून त्यानं पुन्हा, शेवटच्या दारापर्यंत जाईल असं सांगितलं. "शिवरात्रीला आलो होतो. औशाला, आत्याबाईंच्या घरी. आता जात नाही."

टांगा हलला. नागाबाई ओट्यावर खाली बसल्या, ज्वारीचं सूप मांडीवर घेतलं, आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजू लागल्या. फाल्गुन, चैत्र, वैशाख. आषाढाच्या पेरावर अंगठा थांबला. त्यांनी एकदा श्रीपादकडं बघितलं, एकदा मास्तरांच्या दाराकडं. मग आतल्या सुनेला हाक मारून त्यांनी हळदीकुंकवाचा करंडा मागवला.